डिफेन्समध्ये सीनियर हार्डवेअर इंजिनिअर : ऑटोमोटिव्ह सोडून जावं का?

चिंचवडकर · रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी १२ वर्षं ऑटोमोटिव्ह हार्डवेअरमध्ये आहे. सुरुवात बॉडी कंट्रोल मॉड्यूलपासून झाली, गेली चार वर्षं बॅटरी मॅनेजमेंट. स्कीमॅटिक (सर्किटचा आराखडा), लेआउट रिव्ह्यू, ईएमसी (उपकरणांचा एकमेकांना होणारा रेडिओ-त्रास आवरणं), व्हेंडरकडे जाऊन बसणं, लाइनवरून परत आलेले बोर्ड उघडून बघणं, सगळं केलंय. आता हातात दोन ऑफर आहेत. एक ईव्ही कंपनीची, आणि दुसरी पुण्यातल्याच एका खासगी डिफेन्स कंपनीची, पद सीनियर हार्डवेअर इंजिनिअर, काम ट्रॅकवाल्या (चाकांऐवजी साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या) लष्करी वाहनातलं डिस्प्ले आणि कंट्रोल युनिट. ईव्हीवाले वर्षाला साडेचार लाख जास्त देतायत.

माझे बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, त्यामुळे घरात या क्षेत्राबद्दल आदर आहे, पण त्यांचं म्हणणं असं की "सरकारी असतं तर प्रश्नच नव्हता, खासगीत डिफेन्स म्हणजे ऑर्डर आली तर दिवाळी." बायकोला वाटतं की तिथे गेलो की माझं शिक्षण तिथेच थांबेल, जुने प्रोसेसर, जुने कनेक्टर, आणि पाच वर्षांनी बाहेर कोणी विचारणार नाही. मला स्वतःला नेमकं काय वाटतंय ते कळत नाहीये म्हणून इथे विचारतोय. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगा, रोजचं काम कसं असतं, शिकायला मिळतं का, आणि बारा वर्षांचा ऑटोमोटिव्हचा अनुभव तिथे किती कामाला येतो.

पाषाणपक्षी · रविवार, रात्री ११:२५

आधी एक विनंती सगळ्यांनाच, कुठल्या प्रोजेक्टवर होतो, कुठल्या युनिटमध्ये काय बसतं, ते इथे लिहू नका. मानकं, पद्धती, अनुभव एवढ्यावर भरपूर बोलता येतं.

पुण्यात पर्याय कमी नाहीत. सरकारी म्हणाल तर डीआरडीओच्या प्रयोगशाळा, पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, दिघीला आर अँड डीई, पण तिथे सायंटिस्ट बी म्हणून गेट देऊन जायचं म्हणजे पहिल्या पायरीपासून सुरुवात, सीनियर लोकांसाठी थेट भरती फार थोडी निघते. त्यामुळे १२ वर्षांनंतर खासगी हाच खरा रस्ता. आणि खासगी म्हणजे आता पूर्वीसारखं नुसतं जॉबवर्क राहिलेलं नाही. एटीएजीएस तोफ बघा, डिझाइन एआरडीईचं, पण मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा साधारण ६,९०० कोटींचा करार झाला तो भारत फोर्ज आणि टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स या दोन खासगी कंपन्यांशी. प्रोजेक्ट सुरू झाला होता २०१३ च्या सुमारास. म्हणजे बाबा म्हणतात तेही खरं आहे, ऑर्डर येते, पण एक तप जातं.

सोल्डरवाली · सोमवार, सकाळी ७:१५

मी सांगलीची, सध्या बंगळूरला, या क्षेत्रात १९ वर्षं झाली. तू म्हटलं तर चालेल ना?

तुझ्या बायकोची शंका आधी घेते कारण ती सगळ्यांना असते. प्रोसेसर जुना असतो हे खरं. पण प्रोसेसर कोणता हा आपल्या कामाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. खरं शिक्षण प्रोसेसरच्या बाहेर आहे. तुला लोड डंप (चालू गाडीत बॅटरी सुटली की उसळणारं व्होल्टेज) माहीत आहे, तिथे गाड्यांची मानकं, आयएसओ ७६३७ आणि १६७५०, करत होतास, इथे लष्करी वाहनांच्या वीजपुरवठ्याचं मानक, एमआयएल-एसटीडी-१२७५, येईल. २८ व्होल्टची गाडी, त्यात १०० व्होल्टचा सर्ज ५० मिलीसेकंद, वर २५० व्होल्टचे स्पाइक, आणि क्रँकिंगला, म्हणजे इंजिन सुरू करताना, व्होल्टेज खाली बसतं तेव्हा तुझा डिस्प्ले बंद पडून चालणार नाही, कारण बाहेर काय चाललंय ते आतल्या माणसाला त्यातूनच दिसतं. आता यात उणे ३० डिग्री घाल. एलसीडीतलं द्रव घट्ट होतं, चित्र ओढल्यासारखं हलतं, म्हणून काचेला हीटर द्यायचा. हीटरने करंट खाल्ला की इनपुट फिल्टर मोठा, फिल्टर मोठा की इनरश (चालू करतानाचा करंटचा झटका) मोठा, आणि ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तेवढ्या थंडीत ईएसआर (आतला रोध) वाढवून बसतो तो वेगळाच. म्हणजे एका काचेच्या हीटरपायी अख्खी पॉवर सप्लाय परत मांडायला लागते. हे काम करताना शिक्षण थांबतं असं मला तरी एकदाही वाटलं नाही.

आता सीनियर म्हणजे काय ते सांगते, आणि हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक बॉक्स क्वालिफिकेशनला, म्हणजे मान्यतेच्या चाचण्यांना, गेला होता. व्हायब्रेशन पास, तापमान पास, सॉल्ट फॉग पास, सगळे खुशीत. शेवटी एमआयएल-एसटीडी-४६१ च्या, म्हणजे लष्करी ईएमसीच्या, चाचण्या, आणि आरई १०२ ला, म्हणजे बॉक्समधून आणि केबलमधून किती रेडिएशन बाहेर पडतं त्या टेस्टला, ५० मेगाहर्ट्झला सरळ उभी रेघ, मर्यादेच्या खूप वर. ५० म्हणजे इथरनेटच्या फायचा (नेटवर्कची केबल सांभाळणाऱ्या चिपचा) क्लॉक. आणि लष्करी वाहनातला व्हीएचएफ रेडिओ चालतो ३० ते ८८ मध्ये. म्हणजे आमचा बॉक्स चालू केला की त्याच वाहनातल्या रेडिओला त्या चॅनेलवर ऐकू येणार नाही. कागदावर "फेल" असं लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ हा.

आम्ही दोन रात्री चेंबरमध्ये होतो. क्लॉकच्या सीरिज रेझिस्टरची किंमत बदलून बघितली, फेराइट घातले, झाकणाच्या गॅस्केटवर तांब्याची टेप मारली. रेघ दोन-तीन डीबी हलायची, बस. तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्या हार्नेसच्या (केबलच्या जुडग्याच्या) टेक्निशियनने, दहावी पास माणूस, पण हात असा की बघत राहावं, त्याने केबलचं बॅकशेल (कनेक्टरमागचं धातूचं कवच) उघडलं आणि मला बोलावलं. आत शील्डची जाळी पिळून तिची शेंडी केलेली, आणि ती शेंडी एका पिनला सोल्डर केलेली. जेमतेम चार सेंटिमीटर लांब. कमी फ्रिक्वेन्सीला ते ग्राउंड असतं, ५० मेगाहर्ट्झला तेच ॲण्टेना. शील्ड बॅकशेलला चारी बाजूंनी, पट्टीने आवळून बसवायला हवी होती. ती तशी बसवली आणि रेघ २० डीबीच्या वर खाली आली.

मग मी ड्रॉइंग काढलं. टीप क्रमांक ७ : "शील्ड ग्राउंडला जोडावी." ती टीप माझी होती. हार्नेस बनवणाऱ्याने अक्षरशः तेच केलं होतं, त्याची काही चूक नव्हती. त्या दिवसापासून मी टिपा स्वतः लिहिते, आणि ज्याने वायर हातात धरायची त्याला वाचून दाखवल्याशिवाय सही करत नाही. स्कीमॅटिक ज्युनिअर पोरं माझ्यापेक्षा भराभर काढतात. माझा पगार मला त्या सातव्या टिपेसाठी मिळतो असं मी मानते.

तर रोजचं काम विचारलंस ना, ते असं. निम्मा दिवस इंटरफेसची कागदपत्रं, टेस्ट प्रोसिजर, डेरेटिंगचे (प्रत्येक पार्ट क्षमतेपेक्षा किती कमी ताणायचा त्याचे) तक्ते, क्वालिटीच्या लोकांबरोबर ओळ न् ओळ वाचणं. ज्याला हे कारकुनी वाटतं त्याने येऊ नये. उरलेला निम्मा लॅबमध्ये.

ओझरकर · सोमवार, सकाळी ९:५०

ताईंच्या प्रतिसादाला +१. मी विमानाच्या बाजूला आहे, तिथे याच्याही पुढे, डीओ-२५४, विमानातल्या हार्डवेअरचं मानक. प्रत्येक रिक्वायरमेंट कुठून आली आणि कुठल्या टेस्टने सिद्ध झाली याचा धागा दोन्ही बाजूंनी दाखवायला लागतो, सेमिलॅक आणि डीजीएक्यूए, म्हणजे लष्करी विमानांच्या मान्यतेच्या आणि गुणवत्तेच्या सरकारी संस्था, समोर बसून तो तपासतात. चिंचवडकर, तुम्ही आयएसओ २६२६२, गाड्यांचं सुरक्षेचं मानक, केलं असेल तर ही सवय अंगात आहेच, नावं वेगळी आहेत एवढंच. तुमचं काम जमिनीवरचं आहे म्हणजे तपासणीला डीजीक्यूए आणि चाचण्यांचं मानक जेएसएस ५५५५५. ते मानक आत्ताच वाचायला घ्या, जॉइनिंगची वाट बघू नका.

एक वेगळेपण मात्र पहिल्या दिवसापासून जाणवेल, आकडा. गाडीचे लाख नग निघतात, त्यामुळे एका रेझिस्टरचे दहा पैसे वाचवायला तिथे आठवडा घालवतात. इथे ४०-५० नग, कधी कधी १२ च. पैसे वाचवायचे नसतात असं नाही, पण दहा पैशाचा रेझिस्टर वाचवून कोणी शाबासकी देत नाही. आणि लाख नगांमधून जी आकडेवारी मिळते ती इथे कधीच मिळत नाही. १२ नगांत एक बिघडला तर तो योगायोग की रोग, हे तुम्हाला त्या एकाच बोर्डावरून शोधायचंय. विश्वासार्हतेचं गणित अजून एमआयएल-एचडीबीके-२१७ या अमेरिकन लष्करी हँडबुकवरून मागतात, ज्याची शेवटची सुधारणा १९९५ ची. तो आकडा द्यायचा, पण आपला भरवसा त्यावर ठेवायचा नाही.

चिंचवडकर · सोमवार, दुपारी १:३०

सोल्डरवाली ताई, चालेल काय, तूच म्हणा. तुमचा प्रतिसाद जेवताना बायकोला वाचून दाखवला, ती पण इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरची. शेंडीचं ऐकून ती म्हणाली की आमच्याकडे कॉमेंट चुकली तर पुढचा पॅच.

ओझरकर, २६२६२ केलंय, दोन प्रोजेक्टला. नगांच्या संख्येचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मला फील्ड रिटर्नच्या (ग्राहकाकडून बिघडून परत आलेल्या मालाच्या) डेटाची इतकी सवय आहे की त्याशिवाय कसं करतात ते शिकावं लागेल.

माजी_ईएमई · सोमवार, संध्याकाळी ६:०५

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे उपकरणं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, २८ वर्षं होतो. तुम्ही लोक बनवता, आम्ही दुरुस्त करतो. सातारा जिल्ह्यातला आहे, आता गावीच असतो. धागा वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, टायपिंग सावकाश आहे.

चिंचवडकर बाळा, तू जा असंच मी म्हणेन, पण गेलास तर ऐक. वाळवंटात दुपारी एक संच खोलायचा होता. झाकणाला ६ स्क्रू, बारीक, तीन मिलीमीटरचे, आणि सुटे. खाली वाळू. चादर अंथरून त्यावर काम करायचो, वारा आला की चादर उडायची. तिसरा स्क्रू वाळूत गेला. आम्ही तिघांनी पाऊण तास शोधला, नाही मिळाला. पाच स्क्रूवर झाकण बसवलं. वॉटरप्रूफ संच पाच स्क्रूवर वॉटरप्रूफ राहत नाही, सहा महिन्यांनी त्यातच ओल शिरली आणि संच वर्कशॉपला गेला. ज्या इंजिनिअरने तो स्क्रू निवडला त्याला हे कधीच कळलं नसणार. त्याच्या कागदावर बिघाडाचं कारण "ओलावा" एवढंच आलं असेल. स्क्रू झाकणातच अडकून राहणारा का नाही लावला? असे स्क्रू मिळतात, महाग नाहीत.

दुसरं, शेजारी शेजारी दोन सारखे कनेक्टर देऊ नकोस. लेबल लावलंय म्हणू नकोस, रात्री लेबल दिसत नाही, टॉर्च लावायची परवानगी नसते. थंडीत तीन हातमोजे एकावर एक असतात, १५,००० फुटांवर बोटं चालत नाहीत आणि डोकंही अर्धंच चालतं, चांगल्या चांगल्या पोरांचं. चुकीचा कनेक्टर बसतच नसेल तरच चूक होत नाही. त्याची खाच वेगळी ठेव. हाताने चाचपून कळलं पाहिजे.

तिसरं, संचावर एक दिवा दे, जो सांगेल की दोष माझ्यात आहे की बाहेरच्या तारेत. बस एवढंच. अर्धे चांगले संच आम्ही उगाच काढून मागे पाठवायचो आणि खरी खराब तार तिथेच राहायची.

सोल्डरवाली · सोमवार, रात्री ९:२०

काका, तुम्ही लिहिलंत ते मी उद्या आमच्या टीमला वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. आमच्याकडे नवीन पोरांना फील्डवर न्यायला परवानग्या मिळायला महिने लागतात, त्यामुळे बऱ्याच जणांनी आपला बॉक्स वापरणारा माणूस कधी पाहिलेलाच नसतो. उंचीचं एक मी जोडते, १५,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्क्यांवर येते, म्हणजे फॅन तोच, वेग तोच, पण थंडावा कमी. बाहेर उणे २० आहे आणि आत एफपीजीए (मुख्य प्रोग्रॅमेबल चिप) तापलाय असं दोन्ही एकदम होतं. म्हणून पंखा टाळून उष्णता चेसिसच्या भिंतीतून काढायची.

माजी_ईएमई · सोमवार, रात्री ९:४०

हरकत कसली. जरूर वाचून दाखव.

नागपुरी_संत्रं · मंगळवार, रात्री १२:१०

सगळं चांगलं चांगलं लिहिलंय म्हणून दुसरी बाजू मी लिहितो. मी एका छोट्या डिफेन्स स्टार्टअपमध्ये साडेतीन वर्षं होतो, नाव घेत नाही. २०१८ मध्ये आयडेक्स, संरक्षण मंत्रालयाची स्टार्टअपसाठीची योजना, आलं तेव्हापासून खूप छोट्या कंपन्या या क्षेत्रात आल्या, दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं, आयडेक्स प्राइममध्ये त्याहून बरंच जास्त, आणि ही योजना खरोखर चांगली आहे, तिच्याशिवाय आमच्यासारख्यांना दारातही कोणी उभं केलं नसतं. पण प्रोटोटाइप आणि ऑर्डर यांच्यामध्ये जी दरी आहे ती अनुदानाने भरत नाही. ट्रायल्स "नो कॉस्ट नो कमिटमेंट" असतात, म्हणजे माल आपला, ट्रक आपला, माणसं आपली, डोंगरावर महिनाभर राहायचा खर्च आपला, आणि पास झालात तरी ऑर्डरची हमी नाही. उन्हाळ्यात वाळवंट, हिवाळ्यात बर्फ, म्हणजे एक मोसम हुकला की सरळ वर्ष गेलं. आम्ही दोन्ही ट्रायल पास झालो होतो. त्यानंतर १४ महिने फाइल फिरत होती आणि त्यातले शेवटचे चार महिने आमचा पगार अर्धा होता. माझी मुलगी तेव्हा पहिलीत जाणार होती, शाळेची फी भरायला सासऱ्यांकडून पैसे घेतले. मी सोडलं. ऑर्डर मी सोडल्यावर पाच महिन्यांनी आली.

मला त्या कामाचा पश्चात्ताप नाही, आजही तो संच कुठेतरी चालू असेल याचा आनंद वाटतो. पण ईएमआय चालू असलेल्या माणसाने कंपनीकडे आत्ता हातात सही झालेल्या किती ऑर्डर आहेत ते तोंडावर विचारावं, त्यात लाजायचं काही नाही. किती पाइपलाइनमध्ये आहेत ते नाही विचारायचं. सही झालेल्या.

रिबॉल · मंगळवार, सकाळी १०:३५

नागपुरी भाऊंचं शंभर टक्के खरं. मी कंपोनंट इंजिनिअरिंगमध्ये आहे, त्या बाजूने थोडं, कारण सीनियर म्हणून हे गळ्यात येणारच.

ऑटोमोटिव्हमध्ये तुम्ही लेड-फ्री सोल्डर वापरता. आमच्याकडे अजून शिसं. याला लोक मागासलेपणा समजतात, तसं नाहीये. शुद्ध कथलाचा मुलामा वर्षानुवर्षं राहिला की त्यातून केसासारखे बारीक तंतू उगवतात, टिन व्हिस्कर म्हणतात त्याला, आणि ते दोन पिना जोडून टाकतात. शिसं मिसळलं की हे जवळजवळ थांबतं. युरोपात २००६ ला आरओएचएस, म्हणजे शिशासारख्या घातक पदार्थांवर बंदीचा नियम, आलं, त्यातून लष्करी उपकरणं वगळली आहेत. पण जगभरातले चिप बनवणारे मोबाइलवाल्यांसाठी माल बनवतात, आपल्यासाठी नाही, त्यामुळे बीजीए (पिनांऐवजी खाली सोल्डरचे गोळे असलेली चिप) येतो तो लेड-फ्री गोळ्यांचाच. तो गोळा वितळतो २१७ ला आणि आपलं शिशाचं सोल्डर १८३ ला. आपल्या प्रोफाइलवर लावला तर सोल्डर वितळतं, गोळा तसाच, आणि जोड दिसायला छान पण ट्रॅकवाल्या गाडीच्या थरथरीत किती टिकेल ते सांगता येत नाही. म्हणून चिपचे गोळे काढून शिशाचे बसवायचे, रिबॉलिंग. एक चूक आणि ६० हजारांचा एफपीजीए गेला, आणि दुसरा यायला कोविडनंतरच्या टंचाईत वर्ष-वर्ष लागत होतं.

दुसरं म्हणजे माल कुठून आला. २०२५ च्या सुरुवातीला ४०० ड्रोनचे करार चिनी पार्ट असल्यामुळे रद्द झाले हे सगळ्यांनी पेपरमध्ये वाचलंय. त्यानंतर आमच्याकडे बीओएमची (पार्टच्या यादीची) प्रत्येक ओळ तपासतात, देश कोणता, अधिकृत डिस्ट्रिब्युटर कोणता, सर्टिफिकेट आहे का. कनेक्टरच्या डस्ट कॅपपर्यंत. कॅमेऱ्याचं सेन्सर सोडा, साधे इंडक्टर, चुंबकं, यांना पर्याय शोधताना दमछाक होते. अमेरिकन पार्ट घेतला की त्यांच्या निर्यात परवान्याचं लचांड. आणि २० वर्षं संच चालवायचा असतो, पार्ट चौथ्या वर्षी बंद होतो. मग शेवटची खरेदी किती करायची हा अंदाज बांधायचा, नायट्रोजनच्या कपाटात ठेवायचा. मी स्वतः २०३८ पर्यंतचा साठा मोजून सही केलीय, तेव्हा मी निवृत्त झालेला असेन.

पैठणी · मंगळवार, दुपारी ४:००

मी या क्षेत्रातली नाही, शिक्षिका आहे. वाचता वाचता एक प्रश्न पडला, रागावू नका. शेवटी हे युद्धासाठी आहे. तुम्हा लोकांच्या मनाला ते लागत नाही का? खरंच जाणून घ्यायचंय.

सोल्डरवाली · मंगळवार, रात्री १०:०५

रागवायचं काय त्यात, चांगला प्रश्न आहे, आणि माझ्या आईने मला तो पहिल्याच वर्षी विचारला होता.

लागतं. मी पहिली नऊ वर्षं रेडिओ आणि डिस्प्लेवर काम केलं, तिथे हा प्रश्न दूरचा वाटतो. नंतर एकदा फायर कंट्रोलचं, म्हणजे शस्त्राचा नेम आणि मारा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं, काम आलं. मी चार दिवस मागून घेतले विचार करायला. तो बॉक्स चुकीच्या वेळी चालला तर काय, आणि बरोबर वेळी नाही चालला तर काय, हे दोन्ही कागदावर लिहून काढलं. दोन्ही बाजूंना माणसं होती. मग मी घेतलं ते काम, कारण मला वाटलं की असा बॉक्स जर कोणी बनवणारच असेल तर त्यात सेफ्टी इंटरलॉक (चुकून चालू होऊ न देणारी सोय) नीट आहे की नाही ते बघायला रात्री झोप न येणारं माणूस हवं. माझ्या एका मैत्रिणीने त्याच वेळी नाही सांगितलं आणि ती मेडिकल उपकरणांकडे गेली. तिचंही मला पटतं. आम्ही अजून दर दिवाळीला भेटतो.

चिंचवडकर, तुला असं काम करशील का विचारलं तर नाही म्हणायची सोय आहे का, हेही कंपनीला विचारून घे. चांगल्या कंपन्यांत असते.

माजी_ईएमई · मंगळवार, रात्री १०:३०

पैठणी ताई, मी दोन्ही बघितलंय. संच चालला नाही म्हणून गेलेली पोरं मला नावानिशी आठवतात. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

चिंचवडकर · शनिवार, रात्री ९:१५

मंडळी, उशीर झाला, मधे कंपनीत परत जाऊन आलो.

नागपुरी भाऊ, तोंडावर विचारलं. थोडी शांतता झाली, मग त्यांच्या बिझनेसवाल्यांनी सरळ सांगितलं की सही झालेल्या दोन ऑर्डर, एक पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत, एक त्याच्या पुढे १८ महिने. तिसरीचं सांगत होते, मी म्हटलं सही झालेलं तेवढंच धरतो. काम निवडायचं पण विचारलं. हार्डवेअरचे प्रमुख म्हणाले की आत्तापर्यंत दोघांनी नाही सांगितलंय आणि दोघंही अजून कंपनीतच आहेत.

मग मी विनंती केली की गोपनीय नसलेलं एखादं जुनं हार्नेसचं ड्रॉइंग दाखवाल का. त्यांना जरा आश्चर्य वाटलं, पण आणलं. शील्डच्या टिपेत पट्टीचा पार्ट नंबर, किती मिलीमीटर सोलायचं, आवळायच्या हत्याराचं सेटिंग, सगळं होतं, शेजारी पेन्सिलने कोणीतरी छोटं चित्र पण काढलेलं. मी विचारलं हे चित्र कोणाचं, तर म्हणाले वायरिंग करणाऱ्या एका ताईंचं, आणि पुढच्या रिव्हिजनला ते ड्रॉइंगमध्येच घेतलं.

साडेचार लाखांचा हिशोब दोघांनी बसून केला. गावच्या घराची डागडुजी दोन वर्षं पुढे ढकलायला लागेल. बायको म्हणाली चालेल, पण सहा महिन्यांची शिल्लक बाजूला काढून मगच राजीनामा दे. ते बरोबरच आहे, त्यामुळे जॉइनिंग एक महिना पुढे मागून घेतलंय.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "तुमच्या बॉक्सवर इन्स्पेक्शनचा शिक्का मारतात तो कुठे मारतात, आत की बाहेर?" मला माहीत नव्हतं. म्हणाले, विचारून ठेव.

माजी_ईएमई · शनिवार, रात्री ९:५०

अभिनंदन बाळा. शिक्का बाहेर असतो, पण वर्कशॉपमध्ये रंग मारताना तो झाकला जातो, आणि मग संच पास आहे की नाही म्हणून फायली शोधाव्या लागतात. रंग न लागणारी खोलगट जागा ठेव त्याला, नखाएवढी पुरे. आणि स्क्रूचं विसरू नकोस.

चिंचवडकर · शनिवार, रात्री ९:५८

लिहून घेतलं काका. दोन्ही.